काला आणि कालवाकालव



सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. दहीहंडी फुटते, पोहे, लाह्या, दही, लोणचे सगळे एक होते आणि ज्याच्या त्याच्या हातावर तो प्रसाद पडतो. त्यात कोणाचे पोहे आणि कोणाच्या लाह्या, हे कोणी विचारीत नाही. गोकुळात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, भगवंतांनी त्या एकत्र कालविल्या आणि सर्वांना एकमेकांचे उष्टे गोड करून घातले. त्या एकीचा सोहळा म्हणजे काला. वारकरी पंथात याहून मोठा सोहळा नाही.

परंतु या महिन्यात आम्हांस दुसऱ्याच एका कालवण्याविषयी बोलावयाचे आहे. ते आपल्या घरोघरी रोज रात्री चालते. मोठमोठ्या इमारतींत, चाळींत, सोसायट्यांत चालते, आणि माळकऱ्यांच्या घरीही चालते. उरलेला भात, भाजीची देठे, दुधाच्या पिशव्या, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, फुटका पेला, लेकराचे डायपर, देवावरचे निर्माल्य, संपलेले सेल, सगळे एकाच बादलीत! वरून झाकण घातले, बादली दाराबाहेर ठेवली आणि आपण हरिपाठास बसलो. बरं का मंडळी, हीसुद्धा सरमिसळच. पण हिला काला म्हणता यावयाचे नाही. काल्यात प्रत्येकजण आपल्या शिदोरीतले चांगले ते आणतो. येथे प्रत्येकजण नको ते लोटतो. काल्याचा घास आपण स्वतः खातो. या कालवाकालवीत हात मात्र दुसऱ्यास घालावा लागतो. दोन्हींत फरक आहे तो हा.

कोणी म्हणतील, "महाराज, आता कचऱ्याचेही प्रवचन काय?" तर होय, कचऱ्याचेच. श्रीसंत गाडगेबाबा १८७६ साली जन्मले आणि १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला. त्या मधल्या काळात महाराष्ट्रातील किती गावांच्या गल्ल्या त्यांनी स्वहस्ते झाडल्या, याची गणती नाही. गावात शिरले की बाबा आधी खराटा हाती घेत, आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहात. दिवसाचा खराटा आणि रात्रीचे कीर्तन ही त्यांची दोन कामे नव्हती, एकच होते. मग ज्यांनी पंढरीस, देहूस, आळंदीस धर्मशाळा बांधून वारकऱ्यांस निवारा दिला, त्या बाबांचा विषय आपल्या मासिकात निघाला, तर त्यात वावगे ते काय?

आता या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते सांगितले पाहिजे. सांगावयास संकोच वाटतो, पण आपला दोष झाकून दुसऱ्यास उपदेश करणे हे प्रवचनकाराला शोभत नाही.

शहरातील एका मोठ्या इमारतीत पारायण होते. आमचा मुक्काम तेथेच चौथ्या मजल्यावर एका भाविकाच्या घरी होता. सांगतेच्या दिवशी महाप्रसाद झाला. रात्री आवराआवर करताना आमच्या हातून देवापुढच्या कंदिलाची काच फुटली. मंडळी दमलेली, आम्ही म्हटले, कोणास हाक कशाला मारावी? काचेचे तुकडे कागदावर गोळा केले आणि जवळच्या बादलीत ओतून दिले. त्या बादलीत उष्टा भात आणि आमटी होती. काच भातात बुडाली, दिसेनाशी झाली. आम्हांस वाटले, जागा स्वच्छ झाली. झोपही शांत लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याच्या वेळी जिन्याशी कचरा नेणारी बाई भेटली. उजव्या हाताला फडके गुंडाळलेले. विचारले, "बाई, काय झाले?" ती म्हणाली, "काही नाही महाराज, भातात काच होती. पांडुरंगाची दया, बोट राहिलं." असे म्हणून तिने त्याच हाताने आम्हांस नमस्कार केला.

मंडळी, सात दिवस आम्ही तेथे भूतदया सांगितली होती. सर्वांभूती एकच विठ्ठल नांदतो, हे दृष्टान्त देऊन देऊन पटविले होते. आणि आठव्या दिवशी त्या विठ्ठलाच्या हातात आमचीच काच शिरली. आम्ही तिला तेथेच सांगितले, "बाई, ती काच आम्ही टाकली." ती क्षणभर पाहातच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तरी. कोणी सांगत नाही." रागाने बोलली असती तर आम्हांस सोपे गेले असते.

त्या दिवसापासून जनाबाईंची कथा आम्हांस निराळी दिसू लागली. नामदेवरायांच्या घरी जनाबाई दळण, कांडण, झाडणे, सारवणे सगळे करीत. त्या झाडीत आणि त्यांनी काढलेला केर स्वतः पांडुरंग भरून टाकीत, अशी आपली परंपरा सांगते. आपण ही कथा ऐकून डोळे पुसतो, जनाबाईंच्या भाग्याचे कौतुक करतो. पण कथेतला दुसरा अर्थ आपल्या ध्यानात येत नाही. झाडलेला केर जो उचलतो, त्याची जागा त्या कथेत कोणाची आहे? देवाची आहे! आपल्या दारातला केर आज जी माउली उचलते, ती कोणाच्या जागी उभी आहे, याचा विचार आपणच करावा. आणि जनाबाईंनी देवाच्या हाती जो केर दिला, त्यात काच लपविलेली नव्हती.

येथे एक शंका कोणी जाणता वारकरी काढील. तो म्हणेल, "महाराज, आपला पंथ भेद मिटविणारा. हा उच्च, हा नीच, हा सोवळा, हा ओवळा, हे संतांनी मोडून काढले. मग तुम्ही पुन्हा हे वेगळे, ते वेगळे का सांगता?" शंका चांगली आहे. तिचे उत्तर असे की, माणसामाणसांत भेद करणे हा भ्रम आहे. वस्तूवस्तूंत निवड करणे हा विवेक आहे. आपल्या घरची आजी तांदळातले खडे निवडते, ती भेदभाव करते काय? हंस दूध व पाणी निराळे करतो म्हणून आपण त्याला दूषण देतो की भूषण देतो? आमचे दुर्दैव असे की आम्ही नेमके उलटे केले. जेथे विवेक हवा तेथे सगळे एकत्र कालविले, आणि ते निवडण्याचे काम ज्यांच्या माथी मारले त्यांना मात्र वेगळे बसविले. चोखोबारायांना हीच वागणूक मिळाली. गावाची मेलेली गुरे ओढण्याचे काम त्यांच्या लोकांकडे, आणि राऊळाचे दार त्यांना बंद! मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा त्याखाली गेले, तेव्हा नामदेवराय त्या ढिगाऱ्यापाशी गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचून त्यांनी पंढरीस आणल्या, अशी कथा आहे. आज महाद्वारी त्यांची समाधी आहे. ढिगाऱ्यात हात घालून वेचणे हे काम हलके असते, तर नामदेवरायांनी ते केले नसते.

आता हा कचरा पुढे कोठे जातो ते पाहू. शहरातील घरच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो एकटा राहिला तर त्याची माती होते. तो मूळचा मातीचाच आहे. सुका भाग कोरडा राहिला तर कागदाचा पुन्हा कागद होतो, काचेची काच होते, पत्र्याचा पत्रा होतो. पण आमटी कागदावर सांडली की कागद गेला, आणि प्लास्टिक देठांत मिसळले की खत गेले. दोन्ही चांगल्या वस्तू एकमेकींच्या संगतीने वाया जातात. मग त्यांचा डोंगर होतो. त्या डोंगराच्या पोटात हवा पोहोचत नाही, अन्न कुजते, जळणारा वायू तयार होतो, खाली काळे पाणी सुटते आणि ते जमिनीत मुरते.

हे कोठे घडले हे वारकऱ्यांस दुरून सांगावयाची गरज नाही. ज्ञानोबारायांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरवरून दिवेघाटाकडे चालू लागते, तेव्हा त्या सासवडच्या वाटेवर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे लागतात. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे तेथे नेऊन टाकला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, वास आणि धूर गावकऱ्यांच्या नशिबी आला. २०१७ साली त्या ढिगाला मोठी आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा कोठे शहराचे डोळे उघडले. मुंबईस देवनारचा ढीग तर १९२७ पासूनचा. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर शहरभर पसरला. म्हणजे पाहा, ज्या वाटेने माउलींच्या पादुका जातात, ज्या गावांची माणसे वारकऱ्यांस पाणी पाजतात, त्यांच्याच विहिरीत आपल्या बादलीतले काळे पाणी गेले. पायी वारीत त्यांच्या हातचे पाणी पिणारे आम्ही, आणि उरलेले वर्षभर त्यांचे पाणी नासविणारेही आम्हीच. याचा जाब पंढरीनाथाने विचारला तर काय सांगावयाचे?

यास्तव निवड घरातच झाली पाहिजे. ती कशी करावी, हे आता सोप्या शब्दांत सांगतो. सरकारच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते. २०२६ च्या नियमांनी सॅनिटरी हा भाग निराळा काढून चार भाग सांगितले आहेत. चार वेद जसे निरनिराळे म्हणावयाचे, तसे हे चार भाग निरनिराळे ठेवावयाचे, असे समजा म्हणजे विसर पडणार नाही.

पहिला ओला. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उष्टे अन्न, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. निर्माल्यही यातच, पण हाराचा दोरा, तार, चमकी आणि प्लास्टिकची फुले आधी काढावी. चकचकीत थर दिलेल्या कागदी ताटल्या यात घालू नयेत. त्या कुजत नाहीत. थर्माकोलच्या ताटल्यांना तर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी झाली. सप्ताहाच्या पंगतीस पानांच्या पत्रावळी किंवा धुण्याजोग्या ताटल्या घ्याव्या, हे उत्तम.

दुसरा सुका. कागद, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, बाटल्या, पिशव्या. हा कोरडा असावा, एवढी एकच अट. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा टाकू नये, तो चिमुकला तुकडा पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. नुसती चीर द्यावी, पिशवी विसळून वाळवावी. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून बांधावी, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि ती नेणाऱ्याच्या हाती सांगून द्यावी. हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगतो ते वर आलेच आहे.

तिसरा भाग सॅनिटरी, म्हणजे लेकरांचे व आजाऱ्यांचे डायपर, मायभगिनींचे पॅड, जखमेच्या पट्ट्या. याविषयी बोलावयास लोक लाजतात, आणि लाजेपायी ते ओल्यात दडपून देतात. ते उघडणाऱ्या हाताची लाज मात्र कोणास वाटत नाही! वर्तमानपत्रात नीट गुंडाळावे, वर लाल खूण करावी, वेगळे द्यावे. झाले.

चौथा भाग जपून ठेवण्याचा. जुनी औषधे, सुया, सेल, रंगाचे डबे, पारा असलेल्या नळ्या. हे रोज निघत नाही. घरात एक डबा करावा, लेकरांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि नेमल्या दिवशी किंवा नेमल्या ठिकाणी द्यावा.

इमारतीला थोडी मोकळी जागा असेल तर ओल्याचे खत तेथेच करावे. घरामागे रोज अर्धा किलो ओला कचरा धरला, तर चाळीस बिऱ्हाडांचे वीस किलो झाले. वर्षाचे सात हजार तीनशे किलो! एवढे ओझे गाडीने दुसऱ्याच्या गावी नेण्याऐवजी अंगणातच मुरविता येते. कृती अवघड नाही. ओल्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला किंवा नारळाचा भुसा घालावा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवावा. दोन-चार दिवसांनी खालीवर करावे, म्हणजे हवा लागते. ढीग आतून ऊन लागू लागला की काम चालू आहे, असे समजावे. वास आला तर ओल फार झाली. आणखी पाला घालावा. दीड-दोन महिन्यांत त्याला मातीचा सुवास येतो. हे खत इमारतीच्या तुळशीवृंदावनाला घालावे. ज्या तुळशीचे पान आपण विठोबाच्या गळ्यात घालतो, तिच्या मुळाशी आपल्याच घरचे निर्माल्य परत गेले, याहून त्याची चांगली गती कोणती?

आता सबबींचा विचार करू. कारण अडचण बादलीची नसते, मनाची असते.

एक म्हणतात, "आम्ही वेगळे करून काय उपयोग? गाडीत शेवटी सगळे एकत्रच पडते." काही ठिकाणी असे घडतही असेल. तेथे सर्व बिऱ्हाडांनी मिळून विचारणा करावी, तक्रार करावी. पण आपण वेगळे दिले नाही, तर विचारण्याचा अधिकारच उरत नाही. शिवाय गाडीत पडण्याआधी ज्या हातांतून तो कचरा जातो, ते हात तरी वाचतात की नाही? पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली आपली पंचायत उभी केली आणि पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरी कचरा नेऊ लागली. त्यात बहुसंख्य बायामाणसे आहेत. सुका माल निवडून विकावा, यावर त्यांची चूल पेटते. आपण तो आमटीत बुडविला तर त्यांच्या ताटातला घास काढला.

दुसरे म्हणतात, "आम्ही दरमहा पैसे भरतो." भरता, ठीक. पैशाने कचरा नेण्याचे काम विकत मिळते, कोणाचे बोट विकत मिळत नाही.

तिसरे म्हणतात, "आम्ही करतो हो, पण वरच्या मजल्याचे करीत नाहीत." दिंडीत पुढचा वारकरी चुकीचे पाऊल टाकतो म्हणून आपण टाळ खाली ठेवतो काय? आपण ठेका धरला की तोही हळूहळू तालावर येतो. वरच्या बिऱ्हाडी एकदा जावे, बोट रोखून नव्हे, हात जोडून जावे. "ताई, ही देठे आणि ही पिशवी एवढी निराळी ठेवाल काय? खाली माउली हाताने निवडते," असे म्हणावे. नोटिशीने जे होत नाही ते एवढ्या शब्दांनी होते, असा आमचा अनुभव आहे. म्हातारी माणसे विसरतात, त्यांच्या बादलीला रंगीत फडके बांधून द्यावे. लेकरांना हे काम खेळासारखे द्यावे. ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

आणि सर्वांत आधीची गोष्ट, म्हणजे उष्टे कमी करावे. अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो आणि पाव पातेले टाकून देतो. एकादशीस उपवास करावयाचा आणि द्वादशीस उरलेली खिचडी बादलीत लोटावयाची, हा कसला उपवास? लागेल तेवढे वाढावे, वाढलेले संपवावे. न टाकलेला घास निवडावा लागत नाही.

वारकरी होणे म्हणजे गळ्यात माळ घालणे, आणि माळ घालणे म्हणजे नेम धरणे. पहाटेचा नेम, हरिपाठाचा नेम, एकादशीचा नेम, वारीचा नेम. त्यात हा एक लहानसा नेम मिळवावा. येत्या एकादशीस घरात निरनिराळ्या बादल्या मांडाव्या आणि मनात म्हणावे, "पांडुरंगा, माझ्या हातून तुझ्या हाताला इजा होऊ नये." एवढेच. यास खर्च नाही, वेळ नाही, विद्वत्ताही लागत नाही.

त्या बाईची आमची पुढे पुन्हा भेट झाली. आता त्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडे कचरा वेगळा देतात. काही अजून देत नाहीत. तिच्या बोटावर व्रण राहिला आहे. आम्ही पारायणास बसतो तेव्हा पोथीवर हात ठेवण्यापूर्वी तो व्रण आम्हांस आठवतो, आणि तो आठवत राहावा अशीच आमची विठ्ठलचरणी प्रार्थना आहे.

काला एकत्र करावा, केर वेगळा करावा. माणसे जोडावी, वस्तू निवडाव्या. एवढे ज्याला साधले त्याच्या दारात पांडुरंग केर न्यावयास आला, तरी त्याला खाली मान घालावी लागणार नाही.

रामकृष्णहरि.